पटावर हवे असलेले, दाराशी अडवलेले : ओंटारिओतील फ्रेंच शाळा मंडळाला एका मराठी आईचे खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व निर्वाचित विश्वस्त, फ्रेंच भाषिक कॅथलिक शाळा मंडळ,
तसेच मा. शिक्षणमंत्री, ओंटारिओ प्रांत

स. न. वि. वि.

हे सारे मी आपल्याला फ्रेंचमध्ये लेखी कळवले आहे आणि त्याची पोचही मला मिळाली आहे. तेच आज मराठीत, चारचौघांसमोर मांडते आहे, त्याला कारण आहे. टोरोंटोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत आता अशी मराठी कुटुंबे राहतात, ज्यांनी पुण्या-ठाण्याला नोकरी सांभाळून फ्रेंचचे क्लास केले, ‘टेफ’ किंवा ‘टीसीएफ’ परीक्षा दिली, तिच्या गुणांच्या जोरावर पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, मिळवली आणि विमानात बसायच्या आधीच ठरवून टाकले की मुलांना फ्रेंच शाळेत घालायचे. त्या शाळेचे दार कसे उघडते आणि कोणासाठी उघडते, हे त्यांना आधीच ठाऊक असावे असे मला वाटते. कोणत्याही शाळेचे, मुख्याध्यापकांचे किंवा शिक्षिकेचे नाव मी या पत्रात घेणार नाही. माझी तक्रार माणसांविरुद्ध नसून एका ठरावाविरुद्ध आहे.

तो ठराव असा. येत्या सप्टेंबरपासून आपल्या प्राथमिक शाळांतले प्रवेश चार पायऱ्यांनी दिले जातील. पहिली पायरी कॅथलिक हक्कदारांची, दुसरी इतर धर्मांच्या किंवा धर्म न मानणाऱ्या हक्कदारांची, तिसरी हक्कदार नसलेल्या पण कॅथलिक असलेल्या कुटुंबांची आणि चौथी उरलेल्या सगळ्यांची. शाळेत आधीच शिकत असलेल्या मुलांच्या धाकट्या भावंडांना आजवर सहज जागा मिळत असे. नव्या ठरावात त्या प्रथेचा उल्लेखसुद्धा नाही. आम्ही चौथ्या पायरीवर आहोत. माझी मुलगी आपल्या शाळेत तिसरीत आहे आणि तिच्या धाकट्या भावाला त्याच शाळेच्या मॅटर्नेलमध्ये, म्हणजे इथल्या पहिल्या बालवर्गात, प्रवेश नाकारला गेला आहे.

मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी उलगडून सांगणे भाग आहे. इंग्रजी शाळांतल्या ‘फ्रेंच इमर्शन’शी या शाळांची गल्लत करू नये. इमर्शन ही इंग्रजी भाषिक मुलांना फ्रेंच यावे म्हणून केलेली सोय आहे. मी बोलते आहे त्या शाळा फ्रेंच भाषिक अल्पसंख्याकांच्या आहेत आणि तिथे गणितापासून नोटीस बोर्डापर्यंत सारा कारभार फ्रेंचमध्ये चालतो. या प्रांतात सरकारी पैशावर चार शाळाव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात: इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक आणि फ्रेंच कॅथलिक. १९९८ पासून फ्रेंच भाषिकांच्या हाती स्वतःची १२ मंडळे आहेत; त्यांपैकी ४ सार्वजनिक आणि ८ कॅथलिक.

दुसरी गोष्ट ‘हक्कदार’ या शब्दाची, कारण सगळे गाडे तिथेच अडते. १९८२ च्या कॅनेडियन हक्कांच्या सनदेतील कलम २३ प्रमाणे, क्वेबेकबाहेर मुलाला फ्रेंच शाळेत घालण्याचा हक्क तीन प्रकारच्या नागरिकांना आहे. ज्यांची पहिली भाषा फ्रेंच आहे आणि ती अजून ज्यांना समजते, ते पहिले. ज्यांचे स्वतःचे प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झाले, ते दुसरे. ज्यांचे एखादे मूल कॅनडात फ्रेंचमधून शिकले आहे किंवा शिकत आहे, ते तिसरे. त्यांच्या सगळ्याच मुलांना तो हक्क मिळतो. बाकी सगळ्यांना प्रवेश समितीसमोर उभे राहावे लागते. शाळेचे मुख्याध्यापक, मंडळाचा एक शिक्षक आणि एक पर्यवेक्षक अधिकारी अशा तिघांची ही समिती बहुमताने निर्णय देते.

आता आमच्याबद्दल. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि सहा वर्षे तिथल्याच एका शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना ते शिकवले. इथे आल्यावर मुलीचा अर्ज केला तेव्हा समितीने तासभर बोलून तिला घेतले. त्या वर्षी तिच्या वर्गात अकरा मुले होती आणि दोन इयत्ता एकत्र बसत होत्या. ‘तुमच्यासारखी कुटुंबे आली तरच ही शाळा भरेल,’ असे मला त्या दिवशी हसतमुखाने सांगण्यात आले होते. आज शाळा भरली आहे, मैदानात तीन पोर्टेबल, म्हणजे तात्पुरते, वर्ग उभे आहेत, आणि समिती आता गाळणीचे काम करू लागली आहे.

मुलाच्या मुलाखतीची ती खोली मला बारकाव्यांसह आठवते. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक बुटके गोल टेबल होते आणि त्याभोवती मुलांच्या मापाच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली तीन मोठी माणसे. समोर माझा साडेतीन वर्षांचा मुलगा. चित्रांचे पत्ते एकेक करून त्याच्यापुढे सरकवले जात होते. सफरचंद आले, तो ‘पॉम’ म्हणाला. रंग विचारला, ‘रूज’ म्हणाला. मांजराला ‘शा’ म्हणाला. मग लोकरीची टोपी आली, हिवाळ्यात इथल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर असते ती ‘त्यूक’. त्याने तो पत्ता उचलला, दोन्ही हातांनी कानावर दाबला आणि आनंदाने ओरडला, ‘आजीची कानटोपी!’ त्याची टोपी आजीने पुण्याहून विणून पाठवलेली आहे आणि आमच्या घरात तिला दुसरे नाव नाही. समोरच्या बाईंनी हा शब्द कोणत्या भाषेतला म्हणून विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी कागदावर ‘मराठी’ एवढेच टिपून घेतले. पॉम, रूज आणि शा त्या कागदावर कुठे होते की नव्हते, ते मला दिसले नाही.

एकोणीस दिवसांनी दोन वाक्यांचे पत्र आले. मुलाचे घरातले भाषिक वातावरण शाळेच्या उद्दिष्टांशी पुरेसे जुळत नाही, हे पहिले वाक्य. नव्या प्राधान्यक्रमानुसार जागा शिल्लक नाही, हे दुसरे. यांपैकी खरे कारण कोणते, हे मी फोनवर दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मला पत्र पुन्हा वाचायला सांगण्यात आले.

माझी पहिली तक्रार या पहिल्या वाक्याबद्दल आहे. आमच्या घरात मराठी बोलली जाते, हे मी अर्जात लपवलेले नाही. मुलीचा अभ्यास, गोष्टींची पुस्तके, आंघोळीच्या वेळची बडबडगीते हे सगळे फ्रेंचमध्ये चालते आणि जेवणाच्या टेबलावर मराठी असते. भाषा टिकवायची म्हणजे घरात काय करावे लागते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. सात समुद्रांपलीकडे ‘ळ’ आणि ‘ण’ मुलांच्या जिभेवर ठेवण्यासाठी आम्ही रोज झटतो. फ्रेंच शाळेला ज्या चिवटपणाची गरज आहे तो ज्या घरात आधीच आहे, तेच घर आपल्या समितीला नडते, याचे मला नवल वाटते.

कायद्यातला भेद तर याहून विचित्र आहे. तीस वर्षांपूर्वी ओंटारिओत सहावीपर्यंत फ्रेंचमधून शिकलेला आणि त्यानंतर ती भाषा पार विसरलेला नागरिक हक्कदार आहे, कारण त्याच्या बाबतीत ‘अजून समजते’ ही अट नाही. काँगोतल्या किन्शासात पहिलीपासून पदवीपर्यंत फ्रेंचमधून शिकलेला, पण आईशी ‘लिंगाला’ या तिथल्या भाषेत बोलणारा बाप हक्कदार नाही. उद्या त्याने नागरिकत्वाची शपथ घेतली तरी पहिल्या मुलाच्या वेळी तो हक्कदार ठरत नाही, कारण त्याची शाळा कॅनडात नव्हती. कलम २३ ची रचना एका ऐतिहासिक अन्यायाची भरपाई म्हणून झाली आहे, हे मी जाणते आणि त्या कलमाचा शब्द बदलणे मंडळाच्या हाती नाही, हेही जाणते. पण जिथे कलम संपते तिथून समितीचा विवेक सुरू होतो, आणि माझा आक्षेप त्या विवेकाच्या वापरावर आहे.

२००९ साली याच प्रांताच्या सरकारने ‘फ्रेंच भाषिक’ या शब्दाची व्याख्या रुंद केली. ज्यांची मातृभाषा फ्रेंचही नाही आणि इंग्रजीही नाही, पण ज्यांना फ्रेंच चांगले येते आणि जे ते घरी वापरतात, त्यांचीही गणना त्यात होऊ लागली. या रुंद व्याख्येमुळे ओंटारिओतील फ्रेंच भाषिकांची संख्या सहा लाखांच्या वर जाते आणि निधीसाठी, सेवांसाठी तोच आकडा सरकारपुढे ठेवला जातो. आमच्या रस्त्यावर राहणारी माझी मैत्रीण या व्याख्येत अगदी चपखल बसते. ती मॉरिशसची मराठी. तिचे खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांत गेलेले. तिच्याकडे मराठी उरली आहे ती आरत्यांपुरती आणि झाकरीच्या गाण्यांपुरती, आपल्या जाखडीला तिकडे झाकरी म्हणतात. घरात क्रेओल ही तिथली बोली बोलायची आणि वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचायचे, अशी ती वाढली. आपल्या मंडळाच्या अर्जात ‘मातृभाषा’ या शब्दापुढे एकच रेघ आहे. तिने त्यावर प्रामाणिकपणे ‘क्रेओल’ लिहिले आणि मग मुलाखतीत तिला विचारण्यात आले, ‘तुमचे फ्रेंच छान आहे, कुठे शिकलात?’ प्रश्न प्रेमाने विचारला होता, यात शंका नाही. तिने मात्र तो मला चार वेळा सांगितला आहे.

दुसरी तक्रार धर्माची. तिच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या ठरावात भाषेच्या आडून धर्म पुढे आला आहे आणि ते आपण मोकळेपणाने बोलत नाही.

आमच्या घरापासून जवळची फ्रेंच शाळा कॅथलिक आहे. फ्रेंच सार्वजनिक शाळा बसने एका बाजूला एक तास दहा मिनिटे. ही केवळ आमची अडचण नाही. प्रांतात फ्रेंच कॅथलिक शाळा फ्रेंच सार्वजनिक शाळांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि अनेक गावांत फ्रेंच शाळा म्हणजे कॅथलिक शाळाच. अशा ठिकाणी बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर पायऱ्या ठरवल्या की फ्रेंच शिकण्याची वाट आपोआप चर्चमधून जाते. नव्या क्रमाचा अर्थ सरळ मांडते. अल्जेरियाहून आलेले, जन्मापासून फ्रेंच ऐकत वाढलेले मुस्लिम मूल चौथ्या पायरीवर उभे राहील आणि घरात फ्रेंचचा एक शब्दही न बोलणारे, पण बाप्तिस्मा झालेले मूल त्याच्या एक पायरी वर. आपले मंडळ ज्या भाषेच्या रक्षणासाठी आहे, त्या भाषेच्या दृष्टीने या क्रमाचे समर्थन कसे करता येते, ते मला कोणीतरी समजावून सांगावे.

फ्रेंच कॅनडात ‘भाषा ही श्रद्धेची राखणदार’ असे म्हणण्याची जुनी रीत होती. चर्च, शाळा आणि भाषा यांनी एकमेकींना धरून ठेवले म्हणून इंग्रजीच्या समुद्रात ही बेटे वाचली, हा इतिहास मला मान्य आहे. कॅथलिक शाळांना १८६७ च्या घटनेतील कलम ९३ चे संरक्षण आहे आणि त्या बंद कराव्यात, अशी माझी मागणी नाही. क्वेबेकने १९९७ साली घटनादुरुस्ती करून धर्माधारित शाळा मंडळे मोडीत काढली आणि त्याऐवजी भाषेवर आधारित मंडळे आणली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९९ साली ओंटारिओत एकाच धर्माच्या शाळांना पैसा देण्याबद्दल कॅनडाला दोष दिला. तो वाद मोठा आहे आणि तो माझ्या मुलाच्या बालवर्गाने सुटणार नाही. मी एवढेच म्हणते की संरक्षण मिळाले आहे ते शाळेच्या कॅथलिक स्वरूपाला. एकमेव फ्रेंच शाळेच्या दाराला आतून कडी घालण्यासाठी ते वापरू नये.

शाळेच्या कॅथलिकपणाचा आम्हाला कधी त्रास झालेला नाही. मुलगी येशूच्या गोष्टी आवडीने ऐकते आणि घरी येऊन गणपतीच्या गोष्टींशी त्यांची सांगड घालते. दुसरीत वर्गातली मुले पहिल्या कम्युनियनची, या कॅथलिक विधीची, तयारी करत होती तेव्हा ती, जिबूतीचा एक मुलगा आणि ट्यूनिशियाची एक मुलगी ग्रंथालयात बसून चित्रे रंगवत. त्यांच्या मादामनी त्यांना कधी एकटे वाटू दिले नाही. पुण्या-मुंबईत आमच्या कितीतरी पिढ्या मिशनरी शाळांत शिकल्या. तिथल्या सिस्टर छडी मारत असतील, पण बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून वर्गात बाके वाटून देत नव्हत्या. म्हणूनच चार पायऱ्यांचा हा कागद मला इतका परका वाटतो.

धर्मशिक्षणातून सूट मागण्याची तरतूद शिक्षण कायद्यात आहे, पण ती माध्यमिक शाळेपुरती आणि लेखी अर्ज करणाऱ्यांसाठी. प्राथमिक वर्गांत सारे काही शाळेच्या सौजन्यावर चालते. आमच्या वाट्याला सौजन्य आले. पुढच्या कुटुंबाच्या वाट्याला येईलच असे नाही.

तिसरी तक्रार पीआर आणि नागरिक यांतल्या भेदाची. कलम २३ चा तिसरा भाग सांगतो की ज्या नागरिकाचे एक मूल फ्रेंच शाळेत शिकते त्याच्या सगळ्या मुलांना तो हक्क आहे. आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेला आहे. ज्या दिवशी मी शपथ घेईन त्या दिवसापासून माझ्या मुलाला या शाळेत बसण्याचा घटनात्मक हक्क मिळेल, आणि त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत त्याचे ‘भाषिक वातावरण’ अपुरे असेल. घर तेच, आई तीच, कानटोपीही तीच. म्हणजे या नकारातून मंडळाला मिळते ते एवढेच की एक मूल आपले पहिले वर्ष इंग्रजी शाळेत काढील, मधल्या सुट्टीत इंग्रजीतून मैत्री जोडील आणि मग आपण त्याला फ्रेंचमध्ये परत आणण्यासाठी वेगळा शिक्षक नेमाल.

वर्गातली पुस्तके आणि शाळेचे कॅलेंडर यांबद्दल थोडक्यात लिहिते. वाचनाच्या टोपलीत मेपलच्या पाकाचे कारखाने आणि बर्फावरची हॉकी भरपूर आहे; ते असायलाच हवे. पण ज्या वर्गात हैती, कॅमेरून, लेबनॉन आणि मॉरिशसची मुले बसतात त्या वर्गाच्या टोपलीत त्या देशांतले, मुळात फ्रेंचमध्येच लिहिलेले एखादे पुस्तक सापडायला तीन वर्षे लागू नयेत. शाळेचा फोटो दोन वर्षे लागोपाठ ईदच्या दिवशी ठेवला गेला नसता, तरी चालले असते.

आपल्या बाजूची भीतीही मी ऐकली आहे आणि तिला मी क्षुल्लक समजत नाही. शाळेत फ्रेंच न बोलणाऱ्या घरांची मुले वाढली की पटांगणावर इंग्रजी पसरते आणि एका पिढीत शाळेचे नाव तेवढे फ्रेंच उरते, असे पालक सभेत एका आजोबांनी सांगितले. त्यांचा आवाज कापत होता. मराठी शाळांचे वर्ग एकेक करून बंद होताना पाहिलेल्या माणसाला तो आवाज परका नाही. पण पटांगणावर जी पसरते ती इंग्रजी आहे. मराठी, अरबी, वोलोफ किंवा क्रेओल यांतली एकही भाषा आपल्या शाळा गिळणार नाही. २०२१ च्या जनगणनेने पहिल्यांदाच हक्कदारांची मुले मोजली, तेव्हा क्वेबेकबाहेर सुमारे ५ लाख ९३ हजार मुले निघाली, आणि त्यांतली बरीच कधीही फ्रेंच शाळेचे तोंड पाहत नाहीत. आपल्या हक्काच्या घरांतून इंग्रजीकडे जाणारी ही वाट आम्ही पाडलेली नाही.

केंद्र सरकारला हे गणित कळले आहे. क्वेबेकबाहेर येणाऱ्या स्थलांतरितांत ४.४ टक्के फ्रेंच भाषिक असावेत, असे उद्दिष्ट २००३ साली ठरले आणि ते गाठायला २०२२ उजाडले. २०२५ साठी ते ८.५ टक्क्यांवर नेण्यात आले. २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी पीआरसाठी निवडीच्या स्वतंत्र फेऱ्या निघतात, आणि त्यांत लागणारे किमान गुण इतर फेऱ्यांपेक्षा बरेच खाली येतात; म्हणून तर पुण्यात टेफच्या क्लासला जागा मिळत नाही. ओटावातले केंद्र सरकार आम्हाला फ्रेंच येते म्हणून बोलावते, टोरोंटोतले प्रांत सरकार आम्हाला फ्रेंच भाषिक म्हणून मोजते, आणि शाळेच्या दारात समिती विचारते, घरी कोणती भाषा बोलता?

न्यायालयाचे म्हणणेही आपल्यापुढे आहे. वायव्य प्रदेशांतल्या पाच कुटुंबांच्या प्रकरणात, हक्कदार नसलेल्यांच्या मुलांना मंत्र्यांनी प्रवेश नाकारला होता, जरी तिथल्या फ्रेंच शाळा आयोगाने ती मुले घ्यावीत अशी शिफारस केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पालक हक्कदार नसले तरी निर्णय घेताना कलम २३ मागची मूल्ये, म्हणजे अल्पसंख्य समाज टिकवणे आणि वाढवणे, तोलून पाहिलीच पाहिजेत. त्या खटल्यात फ्रेंच समाज दार उघडे ठेवा म्हणत होता आणि सरकार बंद करत होते. आमच्याकडे दार बंद करणारे हात फ्रेंच समाजाचेच असावेत, हे मला बोचते.

कारण दाराशी उभे राहून परीक्षा देणे म्हणजे काय, हे आपल्या फ्रेंच समाजाइतके या देशात थोड्यांना माहीत आहे. १९१२ साली याच प्रांताच्या शिक्षण खात्याने ‘नियम १७’ काढून पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंचमधून शिकवायला बंदी केली होती. १९१६ च्या जानेवारीत ओटावाच्या गिग शाळेत देलोज भगिनींनी नियम मोडून वर्ग चालवले आणि मुलांच्या आयांनी टोपीच्या लांब पिना, कात्र्या आणि लाटणी घेऊन दारावर पहारा दिला. मुंबईतल्या महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आले आणि मग गहिवरूनही आले. १९२७ साली त्या नियमाचा जोर ओसरला. प्रांताने त्याबद्दल विधिमंडळात माफी मागितली ती २०१६ साली. दर २५ सप्टेंबरला, म्हणजे ओंटारिओतल्या फ्रेंच भाषिकांच्या ‘फ्रँको-ओंटारिअन दिना’ला, माझी मुलगी हिरवे-पांढरे कपडे घालून शाळेत जाते. मागच्या वर्षी फ्रँको-ओंटारिअन झेंड्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा झेंड्याची दोरी ओढणाऱ्या चार मुलांत ती होती, आणि तिच्या शेजारी जिबूतीचा तोच मुलगा. त्या दिवसाचे छायाचित्र मंडळाच्या माहितीपत्रकावर छापले आहे. त्या छायाचित्रातली किती मुले नव्या क्रमात चौथ्या पायरीवर उतरतात, हे आपण एकदा मोजून पाहावे.

आता मागण्या. प्राधान्यक्रमाचा ठराव पुढच्या बैठकीत मागे घ्यावा आणि ज्या भागात वाजवी बसप्रवासाच्या अंतरावर दुसरी फ्रेंच शाळा नाही, तिथे प्रवेशासाठी धर्माचा निकष लावू नये. शाळेचे कॅथलिक स्वरूप मान्य आहे, असे पालकांनी लिहून देणे पुरेसे मानावे, जसे आम्ही चार वर्षांपूर्वी दिले होते. शाळेत शिकत असलेल्या मुलाच्या भावंडाला, पालक नागरिक असोत वा पीआर, समितीसमोर न नेता प्रवेश द्यावा.

प्रवेश समितीचा नकार कारणांसह लेखी मिळावा, समितीने काय विचारले आणि मुलाने काय उत्तर दिले त्याची नोंद पालकांना पाहता यावी, आणि त्या निर्णयावर मंडळाकडे अपील करण्याची मुदतबद्ध सोय असावी. अर्जात मातृभाषेसाठी एकाहून अधिक रेघा असाव्यात. तेवढ्याने कागद महाग होणार नाही. दर वर्षी किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणत्या कारणांनी, हे आकडे नावे न घेता प्रसिद्ध करावेत. प्राथमिक वर्गांतही धर्मशिक्षणाच्या तासातून लेखी अर्जावर सूट मिळावी आणि त्या वेळात मुलांनी काय शिकायचे ते ठरलेले असावे.

मा. शिक्षणमंत्र्यांकडे माझी मागणी एकच आहे. जागा नाहीत ही अडचण खरी आहे आणि ती मंडळाने निर्माण केलेली नाही. पोर्टेबल वर्गांत शिकणाऱ्या मुलांच्या शाळा बहुसंख्याकांच्या शाळांच्या तोडीच्या असल्या पाहिजेत, हे तत्त्व व्हँकुव्हरच्या फ्रेंच शाळेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली लागू केले आहे. आमच्या भागात नवी फ्रेंच सार्वजनिक शाळा बांधावी, आणि ती होईपर्यंत एक तास दहा मिनिटांचा बसप्रवास कमी करण्यासाठी पैसे द्यावेत. जागा पुरेशा असत्या तर हा ठराव कोणाला सुचला नसता, असे मला अजूनही वाटते.

नकारपत्रावर फेरविचारासाठी तीस दिवसांची मुदत आहे. त्यांपैकी अकरा संपले आहेत. अर्ज मी पुन्हा भरला आहे आणि मातृभाषेच्या एकुलत्या एका रेघेवर बारीक अक्षरात ‘मराठी, आणि घरात फ्रेंच’ असे लिहिले आहे.

आपली,
तिसरीतल्या एका मुलीची आणि अजून कोणत्याही शाळेत नसलेल्या एका मुलाची आई